गाडी इथंच थांबते

भिवंडीत दलाली ही लपवायची गोष्ट नाही. सूत येतं ते दलालामार्फत, विणलेलं कापड जातं तेही दलालामार्फत. मानकोली-राहनाळकडे गोदाम हवं असेल तर दलाल. गोदामातला माल हलवायचा असेल तर ट्रान्सपोर्टवाला, आणि त्याच्या पाटीवर 'कमिशन एजंट' हे शब्द त्याच्या वडिलांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलेले. दसऱ्याला त्या पाटीला झेंडूचा हार पडतो. टक्का किती, कोण देणार, रोख की महिन्याने, हे सगळं सौद्याच्या आधी ठरतं. स्थळं सुचवणाऱ्या मावशीसुद्धा साडी कोणत्या दुकानातली हवी ते पत्रिका दाखवतानाच सांगून ठेवतात.

अशा गावात वाढलेल्या माणसाला कमिशनचा वास कोसावरून यायला हवा. बाजारात येतोही. पण तोच माणूस बायको, मुलं, मेव्हणा, मेव्हण्याची सासू आणि चिवड्याचा डबा घेऊन शिर्डीच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चढला, की त्याचं नाक गावाची वेस ओलांडायच्या आत चोंदतं.

खरा सौदा गाडी ठरवताना होतो, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत आहे. म्हणून त्या कामाला घरातला सगळ्यात कडक माणूस पाठवतात. आमच्याकडे तो मान मामांचा. मामांची लूमची शेड आहे. सुताच्या किलोमागे चार आण्यांसाठी ते तासभर बसू शकतात, आणि समोरच्यालाही बसवू शकतात. गाडीमालक किलोमीटरचा दर सांगतो. मामा दोन रुपये तोडतात. ड्रायव्हरचा भत्ता कमी करतात. पार्किंग मालकाच्या गळ्यात घालतात. शेवटी मालक "तुमच्यासाठी म्हणून, शेठ" असं म्हणत कपाळाला हात लावतो, आणि शेजारी उभा असलेला ड्रायव्हर हसतो. मामा विजयी मुद्रेने घरी येतात. भत्ता कमी झाला ड्रायव्हरचा आणि हसलाही ड्रायव्हरच, हे कोड्यात टाकणारं आहे. पण जिंकलेल्या माणसाला कोडी पडत नाहीत.

निघायचं पहाटे. वडप्याला हायवे हाती लागेपर्यंत कंटेनरांच्या मागून सरकायचं, मग जरा गाडी पळते. पडघा येतं. कुणीतरी जांभई देत म्हणतं, "चहा घेऊ या का?" ड्रायव्हर आरशातूनच उत्तर देतो, "पुढं चांगलं आहे, काका." अर्जुनलीचा टोलनाका जातो. शहापूरला छान वाफाळतं पातेलं दिसतं. "इथं पाणी नसतं." आटगाव. "तेल बरोबर नाही यांचं." खर्डी. "लेडीजची सोय नाही, ताई." रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाचा रोग त्याला ठाऊक असतो. ही माहिती ऐकून गाडीतल्या बायकांना त्याचं कौतुक वाटतं; किती काळजी घेतो बिचारा. मग घाट दिसायला लागतो, पोटात कावळे, मुलांना शू लागलेली, आणि एका वळणावर कुणी काही न बोलता गाडी डावीकडे वळते आणि दगडी कमानीतून आत शिरते. हॅन्डब्रेक ओढत तो म्हणतो, "फ्रेश होऊन घ्या. इथून पुढं पन्नास किलोमीटर काही नाही."

घाट चढून वर गेलं की इगतपुरीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं आहेत. ती दिसतात तेव्हा आपण आतून भरलेले असतो, खिसे रिकामे असतात, आणि ड्रायव्हर गाणी लावतो.

ज्या हॉटेलापुढे गाडी आपोआप थांबते त्याची बांधणी पाहण्यासारखी असते. अंगणात फायबरचा जिराफ. त्याच्या शेजारी कधीही न चाललेली बैलगाडी, फोटोसाठी. आत शिरताच डावीकडे चिक्की, उजवीकडे लाकडी तलवारी, मधोमध 'आवळा कँडी - ११ प्रकार'. स्वच्छतागृहाचा बाण दुकानातून आत जातो आणि परतीचा बाण दुसऱ्या दुकानातून बाहेर येतो, म्हणजे माणूस अडलेला असताना एकदा आणि मोकळा झाल्यावर एकदा असा दोनदा मालापुढून जातो. पहिल्या खेपेला तो काही घेत नाही. दुसऱ्या खेपेला मन प्रसन्न असतं.

खायचं ते आधी पैसे भरून. काउंटरवर कुपनं. भावाचा फलक आहे, पण तो काउंटरच्या मागे, आणि त्याच्यापुढे लेजच्या पाकिटांच्या माळा. आमच्या शेजारच्या मावशी मूळच्या अंजूरच्या, आगरी, आवाज खणखणीत. त्यांनी बशीतला वडा दोन बोटांत धरून पोऱ्याला विचारलं, "अय बाला, यो वरा हाय का बटान?" पोऱ्याने अत्यंत नम्रपणे सांगितलं की हा जम्बो वडा आहे. सुटे नव्हते म्हणून उरलेल्या पैशांची त्याने चार चॉकलेटं दिली. ती बहुधा तिथल्या व्यवहारातली एकमेव वाजवी दराची गोष्ट होती.

आता हिशोब करा. शिर्डी, शिंगणापूर करून परत येईपर्यंत साधारण सहाशे किलोमीटर होतात. मामांनी दोन रुपयांनी बाराशे वाचवले. गाडीत सतरा माणसं. पंधराचा चहा चाळीसला, म्हणजे माणशी पंचवीस जादा. सतरा जणांचे चारशे पंचवीस. जाता-येता तीनदा चहा होतोच. बाराशे पंच्याहत्तर. मामांनी जिंकलेलं सगळं परत, वर पंच्याहत्तर रुपये, आणि अजून वडा यायचा आहे.

म्हणजे ड्रायव्हर लुटतो का? त्यावर माझं मत आमच्या घरात कुणाला पटत नाही. एका गाडीमालकाने मला सरळ सांगितलं होतं, "पगार थोडा कमी आहे, पण शिर्डी लाईन आहे ना, वरचं सुटतं." वरचं सुटतं ते कुठून, तर आपल्या चहातून. जो पगार मालकाने द्यायचा, तो भाड्यातून आपण पाडून घेतलेला असतो. मग हॉटेलवाला तो आपल्याकडून कपाकपाने गोळा करतो, त्यातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवतो आणि उरलेला ड्रायव्हरच्या हातावर टेकवतो. आपण खोलीत झोपतो तेव्हा हा माणूस पार्किंगमध्ये सीट मागे करून पडलेला असतो, डासांसकट. त्याला हक्काचे पैसे रोख द्यायला आपल्या जिवावर येतं. तेच पैसे थंड वड्याच्या रूपाने द्यायला आपली हरकत नसते, फक्त परतताना शिव्या घालायची सोय हवी.

हॉटेलवाल्यांच्या देण्याच्या तऱ्हाही अनेक. काही ठिकाणी गाडीमागे ठरलेली नोट, मग आतले खावोत की न खावोत. काही ठिकाणी बिलावर टक्का. म्हणून कुपन फाडताना काउंटरवाला गाडीचा नंबर विचारतो, आणि आपल्याला वाटतं पार्किंगची नोंद ठेवतात, व्यवस्थित लोक आहेत. काही ठिकाणी सिगारेटचं पाकीट, थंड पेयाची मोठी बाटली, दिवाळीला स्टीलचा डबा. पण सगळीकडे समान असतं ते ड्रायव्हरचं फुकट जेवण.

हे जेवण आम्हाला मेव्हण्यामुळे कळलं. सिन्नरच्या पुढे दुपारच्या जेवणाला गाडी अशीच आपोआप वळली. आम्ही पंख्याखालच्या मोठ्या टेबलावर 'स्पेशल थाळी'ची वाट बघत होतो. मेव्हणा हात धुवायची जागा शोधत मागच्या बाजूला गेला. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात घामाचा रुमाल, हातात घराच्या किल्ल्यांचा जुडगा. दारातल्या माणसाने त्याला बघितलं आणि म्हणाला, "या उस्ताद, बसा! किती शीट?"

"सतरा," मेव्हणा म्हणाला. ते खरंच होतं.

आत चार टेबलं, वर दोन पंखे, दोन्ही चालू. तव्यावरून थेट ताटात पडणारी बाजरीची भाकरी, झणझणीत शेवभाजी, वर तूप, मागायच्या आत कांदा. वाढणारा पोऱ्या "घ्या दादा, अजून एक घ्या" म्हणून आग्रह करत होता. असा आग्रह मेव्हण्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, असं तो नंतर सासूसमोर बोलून बसला. बाहेर आम्हाला मिळालेल्या थाळीतली पोळी दुमडता येत नव्हती. निघताना मॅनेजरने गाडीचा नंबर विचारला. मेव्हण्याने पाठ म्हणावा तसा सांगितला, "एमएच झीरो फोर" पासून शेवटपर्यंत. हातात नोट आणि पाण्याची गार बाटली. दहा मिनिटांनी आमचा खरा ड्रायव्हर तोच नंबर घेऊन तिथे उभा राहिला तेव्हा आतून जोरजोरात आवाज यायला लागले. मॅनेजरने दोघांना समोर उभं केलं, आमच्या टेबलाचं बिल मागवलं, एक नजर टाकली आणि ड्रायव्हरलाही नोट दिली. बिलात तेवढी जागा होती.

खाजगी गाड्यांचं सोडा, सरकारलाही हे कोडं सुटलेलं नाही. एसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी महामंडळ हॉटेलं ठरवून देतं. तिथं प्रवाशांची लूट होऊ नये म्हणून २०१६ साली ३० रुपयांत चहा आणि नाश्ता द्यायचा, असं ठरलं. ठरलेलं कुठेतरी फलकावर असतंही. पण "तीस रुपयेवाला नाश्ता द्या" असं म्हटलं की काउंटरवरचा माणूस आपल्याकडे असा बघतो की आपणच ओशाळून मिसळ मागवतो. तक्रार करावी तर कंडक्टरकडे. कंडक्टर आतल्या खोलीत, भाकरी गरम असते. पुढे महामंडळाने स्वतःचं 'नाथजल' आणलं, तेव्हा लिटरची बाटली १५ रुपयांत होती. २०२५ साली परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी या थांब्यांची तपासणी करायला सांगितली. तपासणीला येणारा साहेबही ड्रायव्हरच्याच गाडीने येतो, एवढंच मला सुचवायचं आहे.

पाण्याच्या बाटलीवरून तर आमच्या मामांनी एकदा कायदा काढला होता. वीस छापलंय, तीस कसे घेता? मॅनेजर शिकलेला निघाला. म्हणाला, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हॉटेलात बसून पाणी पिणाऱ्याला छापील किमतीचा आग्रह धरता येत नाही. गिऱ्हाईक नुसतं पाणी घेत नाही, जागा, सेवा, वातावरण यांचाही उपभोग घेतं. त्याचं खरं होतं. निकाल तसाच आहे. मामांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या खुर्चीचा एक पाय विटेवर टेकवला होता. टेबलावर आधीच्या पाहुण्यांची सेवा अजून पुसलेली नव्हती. वातावरण म्हणाल तर जिराफ होता. मामांनी तीस रुपये दिले आणि बाटली उभ्यानेच संपवली, म्हणजे निदान खुर्चीचा उपभोग तरी बिलात येऊ नये.

शिर्डीला पोहोचल्यावर ड्रायव्हर एकटा राहत नाही. वेशीवर गाडी हळू झाली की खिडकीला एक माणूस लटकतो. शिर्डीकर त्याला 'लटकू' म्हणतात, कुणी 'पॉलिशवाला' म्हणतं. पोलीस मधूनमधून धरपकड करतात आणि तो मधूनमधून पुन्हा लटकतो. पार्किंग फुकट, चपला ठेवायला जागा फुकट, आंघोळीची सोय फुकट. एवढं फुकट मिळाल्यावर हार-प्रसाद त्याच्याच दुकानातून घ्यावा लागतो आणि मग सगळ्याची किंमत कळते.

तिथून शिंगणापूर. हा रस्ता माझ्या आवडीचा, कारण यावर उसाच्या रसाची गुऱ्हाळं आहेत. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, बैलाच्या गळ्यात घुंगरं. रस्त्याकडेला पोरं कापडं फडकवून गाड्यांना बोलावतात. आमच्या ड्रायव्हरला कुठलंच फडकं दिसत नाही आणि मग अचानक एक दिसतं. शहरातली माणसं उतरतात. बैल निवांत बसलेला असतो. गिऱ्हाईक मोजून मालक त्याला उठवतो, बैल चार फेऱ्या मारतो, मुलं त्याच्यामागून फिरतात, ताई मोबाईल उभा धरतात, आडवा धरतात. फेसाळ रस येतो, आलं-लिंबू लावलेला, खरंच चांगला असतो. त्याचा भाव विचारल्यावर तोंडाला आलेला फेस मात्र आपला असतो. रस एवढा गोड लागतो की मामाही घासाघीस करत नाहीत. ड्रायव्हर लांब उभा राहून फुकटचा ग्लास पितो. आख्ख्या त्या धंद्यात कमिशन न घेता काम करणारा एकटा बैल.

शिंगणापुरात घरांना दारं न लावायची परंपरा आहे. २०११ साली युको बँकेने शाखा काढली, तीही बिनकुलपाची. इथं चोरी होत नाही यावर गावाची श्रद्धा आहे. ड्रायव्हरने दाखवलेल्या दुकानात तेल, रुईची माळ आणि काळं कापड ठेवलेल्या पूजेच्या ताटाचा भाव ऐकल्यावर मेव्हणा हळूच म्हणाला, "मग चोराला इथं उरतं काय?" सासूबाईंनी त्याला शनीच्या आवारात असलं बोलू नये म्हणून गप्प केलं आणि दोन ताटं घेतली.

या सगळ्यावर कडी झाली ती परतीच्या वाटेवर. बायका गाडीत असल्या की ड्रायव्हर येताना कापडाच्या दुकानापुढे थांबतो. येवल्याची पैठणी घ्यायची तर ओळखीच्या विणकराकडे जावं. हे तसलं नव्हे. रस्त्याला टेकून मोठा मांडव, वर फलक 'राजस्थानी हातमाग महासेल'. चादरी, ओढण्या, ड्रेसची कापडं. विक्रेत्याने हसून पहिलाच प्रश्न केला, "कोणत्या गाडीने आलात, काका?" पाहुणचाराची ही पद्धत आता आम्हाला पाठ झाली होती.

मामांनी एक चादर उचलली. अंगठा आणि तर्जनीत चुरगळली. उलटी केली, काठ डोळ्याजवळ नेला. मग खिशातून धागे मोजायचं घडीचं भिंग काढलं. हे भिंग मामा देवदर्शनालाही नेतात. चादरीवर ते ठेवून, एक डोळा मिटून, ओठ हलवत त्यांनी उभे धागे मोजले, आडवे मोजले आणि मान वर केली. चेहऱ्यावर हरवलेलं लेकरू जत्रेत सापडलेल्या बापाचा भाव.

"हे तर भिवंडीचं कापड."

विक्रेता म्हणाला, "नाही काका, राजस्थानी हातमाग. बायका घरी बसून विणतात."

"बायका नाही. आमच्या समोरच्या शेडमधल्या लूमवर निघतं असं. विणणारा उत्तर प्रदेशातला आहे, मिशा आहेत त्याला."

मामांनी मग आम्हाला मांडवात उभं करून सगळं उलगडून दाखवलं. भिवंडीच्या लूमवरून निघतं ते कोरं कापड, ना रंग ना छपाई. ताके बांधून ट्रकमध्ये चढतात आणि पाली-बालोतऱ्याकडे जातात. तिथं रंग चढतो, छपाई होते, आणि तेच कापड उंटाची चित्रं अंगावर घेऊन राजस्थानी होऊन परत येतं. सुताच्या दलालाला मामांच्या शेजाऱ्याने दिले. कापडाच्या दलालाला दिले. ट्रान्सपोर्टवाल्याने त्याचे कापून घेतले. तिकडच्या आडत्याने त्याचे घेतले असतील. आणि आता पाचवा बाहेर गाडीला टेकून तंबाखू मळतोय. मामांना राग नव्हता. उलट एवढ्या लांब साखळीत शेवटची कडी कोण, हे प्रत्यक्ष पाहायला मिळाल्याचं व्यावसायिक समाधान होतं.

विक्रेता घाबरेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "काका, तुम्ही माहीतगार माणूस. तुम्हाला दहा टक्के कमी." इथं मामांचं भिंग धुरकटलं. दहाचे बारा टक्के करून घेण्यात वीस मिनिटं गेली. मामींनी तोवर चार चादरी बाजूला काढल्या होत्या. मी म्हटलं, मामी, अहो आपल्या गल्लीतलंच कापड ना हे? त्या म्हणाल्या, "असू दे. भिवंडीत कुठं मिळतं असं?"

याला उत्तर नाही. भिवंडीत खरंच मिळत नाही.

आता समृद्धी महामार्ग झाला आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे म्हणजे आमच्याच तालुक्यात. कसारा घाटाऐवजी पावणेआठ किलोमीटरचा बोगदा. कडेला कुंपण, ठरलेल्या एक्झिट सोडल्या तर मध्येच कुठे आत-बाहेर करायची सोय नाही. ना जिराफ, ना कमान. यावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा मामा खूश होते. आता थांबवून दाखव म्हणावं. गाडी सुसाट निघाली. बोगद्यात मुलांनी आरडाओरडा केला. बोगदा संपला, आणि तासाभराने कुणीतरी म्हणालं चहा हवा. मग कुणाला तरी शू लागली. मेव्हण्याला भाकरीची आठवण झाली. चिवड्याचा डबा एव्हाना तळाला गेला होता.

ड्रायव्हर आरशातून बघत होता. "इथून पुढं काही नाही, काका," तो म्हणाला, आणि त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच खरं निघालं. मैलोन्‌मैल डांबरही नाही, नुसतं काँक्रीट. गाडीत शांतता पसरली. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "पुढच्या एक्झिटला खाली उतरून जुन्या रस्त्याला लागू का? थोडा टोल पण वाचेल, शेठ."

टोल वाचेल म्हटल्यावर मामांनी लगेच हो म्हटलं.